कर्ज झाकून ठेवू नका, कागदावर मांडा



गेल्या महिन्यात राळेगाव तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले. नावगाव छापू नका, अशी पहिल्याच ओळीत विनंती आहे, म्हणून छापत नाही. पत्रातला मजकूर थोडक्यात असा : घरी सहा एकर कोरडवाहू वावर आहे. दोन वर्षे पऱ्हाटी मनासारखी झाली नाही, सोसायटीचे कर्ज थकले. धनी रात्री उठून ओसरीत बसून राहतात. विचारले तर "तुले काय करायचं त्याच्याशी" म्हणतात. घरावर एकूण किती देणे आहे हेच या बाईला पुरते ठाऊक नाही. आणि शेवटी लिहिले आहे, "तुम्ही फवारणीचे सांगता तसे याचेही सांगा."

फवारणीचे सांगणे सोपे आहे. औषध, प्रमाण, पाणी, वेळ असा त्याचा तक्ता होतो. कर्जाचा तक्ता घराघरात वेगळा असतो, आणि बहुतेक घरांत तो कोणी मांडलेलाच नसतो. मी या जिल्ह्यात पंचवीसेक वर्षे वावरातून हिंडलो. माती परीक्षणाचा कागद दाखवा म्हटले की शेतकरी भाऊ कोनाड्यातून काढून देतो. देण्याचा कागद मागितला की तो "असंन दोनेक लाख" म्हणतो. दोनेक म्हणजे दीड की पावणेतीन, हे त्यालाही माहीत नसते.

त्याच भागात माझे काम निघाले, म्हणून मी त्या घरी गेलो. चहा झाला, धुऱ्यावरच्या तुरीवर बोलणे झाले आणि मग मी मुलाची शाळेची वही मागून घेतली. वहीचे मधले पान काढून त्यावर पाच रकाने पाडले : कोणाचे देणे, मुद्दल किती, व्याजाचा दर काय, आजवर किती भरले, आणि कोणत्या कागदावर सही केली. घरधनी पहिला अर्धा तास गप्प होते. मग एकेक सांगू लागले. बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला मी आत बोलावले, कारण या पानावर तिचेही दोन रकाने होते.

सोसायटीचे पीक कर्ज एक लाख दहा हजार, थकलेले. कृषी केंद्राची उधारी अडतीस हजार. बाईच्या नावाने एका खासगी कंपनीचे गटातून घेतलेले चाळीस हजार, त्याचा दर महिन्याचा हप्ता चालू. आणि गावापासून पाच कोसांवरच्या एका इसमाकडून घेतलेले साठ हजार, शेकडा पाच महिना. या शेवटच्या रकमेची बाईला खबरच नव्हती. मुलीच्या आजारपणात घेतलेली ती रक्कम होती.

आता "शेकडा पाच" हा शब्द आपल्या कानाला इतका सवयीचा झाला आहे की तो मोठा वाटत नाही. वर्षाचा हिशेब मांडा. साठ हजारावर महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार. म्हणजे शंभराला साठ! दिडीचेही तसेच. मृगात दहा हजार घेतले आणि कापूस निघाल्यावर पंधरा द्यायचे ठरले, तर सहा महिन्यांत पन्नास टक्के झाले. वर्षाच्या भाषेत शंभर टक्के. आणि सोसायटीचे पीक कर्ज? तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाचा दर सात टक्के. मुदतीत भरले तर केंद्राची तीन टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज पडतच नाही. थकले तर ही सवलत जाते आणि वरून थकबाकीचे व्याज लागते. पण ते व्याजही शेकडा पाचच्या आसपास जात नाही.

तरी भरताना आपण आधी कोणाचे भरतो? जो दारात येऊन उभा राहतो त्याचे. सोसायटीचा गटसचिव आरडाओरडा करत नाही, म्हणून त्याचे मागे राहते. त्या घरीही असेच झाले होते. दोन वर्षे दर महिन्याला तीन हजार त्या इसमाकडे गेले. चोवीस महिन्यांचे बहात्तर हजार होतात. मुद्दल साठ हजारच्या साठ हजार. ही बेरीज मी मोठ्याने वाचली तेव्हा धनी म्हणाले, "हे तर मी कधी जोडूनच पाहिलं नाही, साहेब."

येथे कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालचा आहे. त्याप्रमाणे परवाना असल्याशिवाय कोणालाही सावकारी करता येत नाही. विनापरवाना केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला नऊ टक्के आणि विनातारण कर्जावर बारा टक्के यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. हे दर २०१४ मध्येच शासनाने ठरवून दिले. चक्रवाढ व्याज चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपले म्हातारे ज्याला दामदुप्पट म्हणत, तेच हे. साठ हजारांवर बहात्तर हजार व्याज गेले, म्हणजे व्याजाची शीव केव्हाच ओलांडली गेली.

तक्रार कोठे करायची? तालुक्याच्या ठिकाणी सहकार खात्याचे सहायक निबंधक असतात, तेच तालुक्याचे सावकारी निबंधक. कोणाकडे परवाना आहे, कोणत्या गावापुरता आहे, याची यादी त्यांच्याकडे पाहायला मिळते. साध्या कागदावर अर्ज द्यायचा : कधी घेतले, किती घेतले, किती दिले, कोणासमोर दिले, कशावर सही केली. पोच घ्यायची. अर्ज आल्यावर चौकशी करण्याचा आणि कागदपत्रे तपासण्याचा त्यांना अधिकार आहे. यवतमाळला जिल्हा उपनिबंधक बसतात. सावकारीपोटी वावर लिहून घेतले असेल तर त्याचा निकाल त्यांच्याकडे होतो. अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला व्यवहार असेल आणि ती खरेदी खरोखर कर्जाच्या वसुलीपोटी होती हे चौकशीत दिसले, तर ते खरेदीखत रद्द ठरवून वावर परत देण्याचा हुकूम ते करू शकतात.

हे लिहिताना माझा हात थोडा जड होतो. आमच्या वडिलांनी १९८३ साली तीन एकर वावर "मुदती खरेदी" करून दिले. त्या काळी कापूस एकाधिकार योजनेत जायचा आणि चुकारा तुकड्यातुकड्याने हाती यायचा. सोसायटीची वसुली त्यातूनच कापली जायची. मधल्या चार महिन्यांसाठी पैसा हवा होता. "नावापुरतं लिहून दे, पैसे दिले की फिरवून देतो," असे तोंडी ठरले होते. कागदावर मात्र सरळ खरेदीखत होते. वडील पुढच्या वर्षी पैसे घेऊन गेले तेव्हा समोरच्याने मुदत संपल्याचे सांगितले. ते वावर गेले. माझी माय शेवटपर्यंत त्या धुऱ्याने जात नसे, लांबून फिरून जाई. म्हणून जो माणूस गहाणाऐवजी खरेदीखत मागतो, त्याला पैसे नकोत, वावर हवे आहे, असे समजून उठून या. इसारपावती, कोरा मुद्रांक, कोरे धनादेश यांनाही हाच नियम.

कोलाम, गोंड, परधान बांधवांसाठी एक वेगळी गोष्ट. आदिवासी खातेदाराचे वावर बिगर-आदिवासी माणसाला विकणे, गहाण देणे किंवा लांब मुदतीच्या पट्ट्याने देणे हे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नाही. जमीन महसूल संहितेचे ३६ आणि ३६-अ हे कलम त्यासाठी आहे. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी, मारेगाव या बाजूला तोंडी सौद्याने वर्षानुवर्षे दुसराच माणूस वावर वाहतो आहे, असे मी पाहिले आहे. अशा घरांनी तहसील कार्यालयात जाऊन विचारावे.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल, "साहेब, तक्रार केली तर उद्या गरज पडली की कोण देईल?" प्रश्न खरा आहे. अडीनडीला रात्री दहा वाजता बँक उघडत नाही, तो माणूस उघडतो. म्हणून सगळ्यांनी उठून अर्जच द्यावा असे मी म्हणत नाही. त्या घरी आम्ही असे ठरवले की आधी गावातले दोन जाणते बरोबर घेऊन, हिशेबाचे पान हातात धरून त्या इसमाकडे जायचे. यापुढे व्याज नाही आणि मुद्दलाचे काय ते बोलू, एवढेच सांगायचे. मानले तर लिहून घ्यायचे आणि कोरा मुद्रांक परत मागायचा. नाही मानले तर सहायक निबंधकांकडे अर्ज. हा मजकूर छापायला जाईपर्यंत ते गेलेले नाहीत. सोयाबीन विकून झाले की जाणार आहेत.

आता सोसायटीकडे वळू, कारण खरी वाट तेथूनच निघते.

पीक कर्ज थकले म्हणजे आपण गुन्हेगार झालो, असे वाटून लोक गटसचिवाला पाहून रस्ता बदलतात. बँकेच्या नियमात हे कर्ज दोन हंगाम थकले की ते अनुत्पादक खात्यात जाते. तोवर बरेच काही करता येते. पहिले म्हणजे कर्ज खात्याचा उतारा लेखी मागा. मुद्दल किती, व्याज किती, कोणत्या तारखेपासून थकले, हे त्यावर दिसते. आमच्या या भावाने एक लाख दहा हजार सांगितले होते, उताऱ्यात व्याजासह ते त्याहून बरेच वर निघाले. मनातला आकडा आणि उताऱ्यातला आकडा क्वचितच जुळतो.

दुसरे म्हणजे पुनर्गठन. अतिवृष्टी, पूर, पावसाचा खंड यांनी पीक गेले आणि नुकसान तेहतीस टक्के किंवा जास्त ठरले, तर त्या वर्षीचे पीक कर्ज मुदती कर्जात बदलून हप्ते पाडून देण्याची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे तेहतीस ते पन्नास टक्के नुकसानीला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास टक्के किंवा त्यावर पाच वर्षांपर्यंत मुदत. दोन्हींत पहिले वर्ष वसुली नाही. त्यासाठी गावची पैसेवारी पाहतात. आपल्या विदर्भात खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर होते. पन्नास पैशांच्या आत आली आणि दुष्काळसदृश गावांच्या यादीत नाव आले, की लगेच सोसायटीत आणि बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या. उशीर करू नका, बँकेला हे काम तीन महिन्यांत उरकायचे असते. सध्या कोणते परिपत्रक लागू आहे तेही शाखेत विचारून घ्या. पुनर्गठन झाले की खाते थकीत राहत नाही आणि नव्या हंगामाला नवे पीक कर्ज मागता येते. तोटा एवढाच की व्याजाची सवलत पहिल्या वर्षापुरती असते, पुढच्या वर्षांना नेहमीचे व्याज लागते.

पुष्कळ जण पुनर्गठनाला नाही म्हणतात. कारण विचारले तर सांगतात, "कर्जमाफी आली तर आमचं नाव सुटंल." ही समजूत आली कोठून कोण जाणे. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत पीक कर्ज आणि पुनर्गठित पीक कर्ज ही दोन्ही धरली होती.

माफीची गोष्ट निघालीच आहे तर तिचा हिशेबही मांडू. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. आपला जिल्हा त्यात होता. थकलेले व्याज माफ झाले, मुद्दलाचे हप्ते पडले. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरांच्या आतल्यांना पूर्ण माफी आणि वरच्यांना उरलेली रक्कम भरली तर पाव हिस्सा सूट. आपल्याकडे कोरडवाहू वावर पाच एकरांच्या वर असते, पण पिकते दोन एकरांएवढे, म्हणून कितीतरी घरे त्या रेषेच्या बाहेर राहिली. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा. २०१९ च्या योजनेत दोन लाख, आणि १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मध्ये घेतलेले कर्ज, ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी. व्याज धरून दोन लाखांच्या वर गेलेले खाते त्या योजनेत बसले नाही. माफी येईल म्हणून भरायचे थांबले, व्याज चढत गेले आणि चढलेल्या व्याजानेच खाते रेषेच्या पलीकडे नेले, अशी माणसे माझ्या ओळखीची आहेत.

माफी वाईट असे मी म्हणणार नाही. मिळाली तर घ्या, तुमचा हक्क आहे. फक्त प्रत्येक योजनेला तारखा आणि मर्यादा असतात आणि त्या आधी कोणालाच ठाऊक नसतात. शिवाय कोणत्याही योजनेने विनापरवाना सावकाराचे देणे फेडलेले नाही. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील सावकारी कर्ज राज्याने फेडले, ते परवानाधारक सावकाराचे. म्हणजे सोसायटीचे थकवून सावकाराचे भरणारा माणूस दोन्हीकडून जातो.

मार्चअखेरीचे "नवं-जुनं" सर्वांच्या ओळखीचे. कोणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांचे पैसे घ्यायचे, सोसायटीचे जुने भरायचे, नवे उचलले की ते परत करायचे. हा व्यवहार कधी फायद्याचा आणि कधी गळफासाचा होतो ते पहा. एक लाख रुपये शेकडा तीनने घेतले. नवे कर्ज पंधरा दिवसांत हाती आले तर दीड हजार गेले. व्याज सवलत वाचली, खाते साफ राहिले, ठीक झाले. नवे कर्ज यायला चार महिने लागले तर बारा हजार गेले, आणि पेरणीला हात रिकामाच राहिला. म्हणून नवं-जुनं करण्याआधी गटसचिवाला आणि शाखेच्या निरीक्षकाला स्पष्ट विचारा : मंजुरी झाली आहे का, पैसे कधी मिळतील? गावातल्या दुसऱ्या दोघांना गेल्या साली किती दिवसांत मिळाले तेही विचारा. उत्तर गोलमाल असेल तर उसने घेऊन भरू नका.

फार जुने, चार-पाच वर्षांचे थकलेले कर्ज असेल, तर बँका अधूनमधून एकरकमी परतफेडीची योजना काढतात. त्यात व्याजात सूट मिळते, कधी मुद्दलातही. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका, ती नोटीस म्हणजे बोलणीचे आमंत्रण आहे. तेथे फी लागत नाही. मात्र तेथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून पेलेल तेवढेच कबूल करा. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो. तडजोड झाली की मंजुरीचे पत्र, पैसे भरल्याची पावती आणि "येणे बाकी नाही" असा दाखला घ्या. मग तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या. यात आळस होतो. कर्ज फिटून दहा वर्षे झाली तरी बोजा सातबाऱ्यावर तसाच, आणि मुलगा कर्ज काढायला गेला की अडकतो! एक लक्षात ठेवा, सूट घेऊन मिटवलेले खाते बँकांच्या नोंदीत "तडजोड" म्हणून दिसते आणि पुढे नवे कर्ज मागताना त्याची विचारणा होते.

सोसायटीने काहीच न होता कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज केला, तर तुम्हाला तारखेची नोटीस येते. त्या तारखेला जा. उतारा चुकीचा असेल तर तेथे सांगायचे असते, नंतर कोणी ऐकत नाही. माणूस हजरच नसला की दाखला निघतो, पुढे जप्ती आणि लिलाव. लिलाव झाल्यावरसुद्धा तीस दिवसांत थकबाकी आणि खरेदीच्या रकमेवर पाच टक्के भरून तो रद्द करून घेता येतो. पण गोष्ट तेथवर जाऊ देऊ नये. शेतजमिनीच्या तारणावर बँकेला न्यायालयाशिवाय परस्पर ताबा घेण्याचा जो नवा कायदा आहे, तो शेतजमिनीला लागू नाही. कोणी त्याची धमकी देत असेल तर तसे सांगा. दिवाणी हुकूमनाम्याच्या जप्तीत शेतीची अवजारे, शेतीला लागणारी जनावरे आणि बियाणे धरता येत नाहीत.

भगिनींच्या नावावरील गटाच्या कर्जाबद्दल. बचत गट वेगळा आणि खासगी कंपनीचे गटकर्ज वेगळे. दोन्हींना आपण "गटाचे" म्हणतो म्हणून घोटाळा होतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये या कंपन्यांना नियम घालून दिले : तारण घ्यायचे नाही, घरातील सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर वसुलीला फोन किंवा माणूस नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, आणि मुदतीआधी भरले तर दंड नाही. त्या घरी वसुलीवाला रात्री आठला येऊन बसत असे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फोन १४४४८. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज घेऊ नका, एवढे मात्र हात जोडून सांगतो.

पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न उरतोच. घरात माल असेल तर तो कसा विकता यावर पुष्कळ आहे. सोयाबीन निघाल्याबरोबर देणेकरी दारात, म्हणून माल पडत्या भावात जातो. बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवा, किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी मिळते. दहा क्विंटल सोयाबीनचे बेचाळीस हजार होत असतील तर साडेएकतीस हजार हातात येतात, आणि सहा महिन्यांचे व्याज साडेनऊशेच्या आत. आपली बाजार समिती ही योजना राबवते की नाही, ते सचिवांना विचारा. राबवत नसेल तर दहा जणांनी मिळून विचारा. कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होता. सीसीआयच्या केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला की गाडी परत येते आणि तोच कापूस खेडा खरेदीवाल्याच्या घशात जातो. दोन उन्हे दाखवून नेलेल्या कापसाने हप्त्याइतका फरक पडतो, हे मी स्वतः पाहिले आहे. शासनाचे नुकसान अनुदान खात्यात आले तर ते बँकेने कर्जात वळते करायचे नसते, मदतीच्या शासन निर्णयात तसे लिहिलेले असते. वळते केले तर तहसीलदारांकडे अर्ज करा.

कृषी केंद्राच्या उधारीबद्दल मी फार लिहीत नाही. बिल मागा, उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा लावला आहे का पहा, आणि दुकानदाराशी बसून हप्ते ठरवा. तो बहुधा ऐकतो, त्याला पुढचे गिऱ्हाईक हवे असते.

सगळे करूनही जमत नसेल तर एखादा एकर विकणे हाही मार्ग आहे. ऐकायला कडू आहे. पण स्वतः होऊन, चार गिऱ्हाइकांना विचारून, बाजारभावाने एक एकर विकणे आणि पाच वर्षांनी सावकाराच्या भावाने सहाही एकर जाणे, यांत फरक आहे. वडिलार्जित वावर विकायचे नाही ही आण मीही ऐकत वाढलो, आणि त्या आणेपायी गेलेली वावरेही पाहिली.

आता शेवटी त्या ओसरीत बसणाऱ्या माणसाविषयी. आपल्या जिल्ह्यात महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे नाव आणि १९ मार्च १९८६ ही तारीख कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर किती घरे उघडी पडली तेही आपण पाहिले. घरचा कर्ता बोलेनासा झाला, जेवण सुटले, झोप उडाली, अचानक उधारीची निरवानिरव करू लागला, मुलांना उगाच जवळ घेऊन बसू लागला, तर घरच्यांनी "होईल ठीक" म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवा, भावाला किंवा मित्राला बोलावून घ्या, आणि "तुमच्या मनात जिवाचे काही वेडेवाकडे येते का" असे सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवण्यात काहीच लाज नाही. नवरा गेल्यावर वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. म्हणून तेरवीच्या आत कोणी कागद घेऊन आला, तर कोणत्याही भगिनीने सही करू नये. "वकिलाला दाखवून सांगते" एवढेच म्हणावे.

त्या घरचे पान आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे खोचून ठेवले आहे. दर महिन्याला कोणी काय भरले ते मुलगा त्यावर लिहितो. तो नववीत आहे, अक्षर चांगले आहे. ताईंनी परवा फोन करून सांगितले की सोसायटीत अर्ज दिला, पोच मिळाली. गटसचिवाने मुळात अर्ज घ्यायला काचकूच केली, मग घेतला.

ज्यांना असे पान भरायचे आहे आणि जमत नाही, त्यांनी पत्र पाठवावे. नावगाव छापले जाणार नाही. पुढील अंकात हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कामगंध सापळे.